चिकटपट्टीखालचं बटण

शब्बीरभाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सलाम केला नाही, नमस्कार केला नाही, नावही विचारलं नाही. आकडा दिला.

माझी जळगाव जामोदच्या पोस्टात बदली झाली, त्याचा तो दुसराच दिवस. खिडकीसमोर ही गर्दी. "पुढचे कोण?" असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं, तर पांढरी दाढी, खाकी बुशशर्ट आणि बोटांवर तारेचे चरे असलेले एक गृहस्थ पुढे झाले, मान तिरकी करून क्षणभर ऐकत राहिले आणि म्हणाले, "पाच नऊ, ताई. एकदम पाच नऊ."

मी पाच रुपयांची नऊ तिकिटं फाडून त्यांच्यापुढे ठेवली.

रांगेतले लोक हसले. त्यांना सवय होती. मला उलगडा व्हायला महिना लागला.

शब्बीरभाई हॅम आहेत. म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा देऊन, लायसन्स काढून ही माणसं घरातच स्वतःचं बिनतारी केंद्र थाटतात आणि जगात कुठेकुठे बसलेल्या आपल्यासारख्याच लोकांशी बोलतात. बोलतात काय, तर मुख्यतः एकमेकांचा आवाज कसा येतोय ते. त्याचे दोन आकडे असतात. पहिला, बोलणं किती समजलं, पाचापैकी. दुसरा, आवाज किती जोरात आला, नवापैकी. पाच नऊ म्हणजे उत्तमात उत्तम. चाळीस वर्षं हेच केल्यावर शब्बीरभाईंना दुसऱ्या कुठल्या मापाची गरजच उरली नाही. घरच्या वरणाला पाच सात मिळतात. जावयाला चार पाच. एकदा चौकात एका पुढाऱ्याचं भाषण तासभर चाललं होतं आणि शब्बीरभाई आपल्या दुकानाच्या ओट्यावर बसून ऐकत होते. कसं आहे भाषण, असं मी येताजाता विचारलं. "एक नऊ," ते म्हणाले.

दुकान मोटर वाइंडिंगचं. विहिरीवरची मोटर जळली की शेतकरी ती मांडीवरून उतरवलेल्या लेकरासारखी त्यांच्यापुढे आणून ठेवतात, आणि शब्बीरभाई तिच्या पोटातली काळी पडलेली तार काढून नवी तार गुंडाळून देतात. धंदा बरा चालतो. पण त्यांचा जीव तिथे नाही, तो घराच्या गच्चीवरच्या खोलीत आहे.

हवेवर, म्हणजे रेडिओवर, गाठ पडलेले दोन हॅम पुरावा म्हणून एकमेकांना कार्ड पाठवतात. तशी कार्डं जपानहून, रशियाहून, ब्राझीलहून शब्बीरभाईंच्या नावाने येत. ती न्यायला ते स्वतः येत आणि चष्मा हटकून दुकानात विसरून येत. "ताई, माही कायमची परवानगी हाय. कार्ड आलं की तुमीच वाचत जा, मोठ्यानं." मग मी खिडकीतून वाचायची आणि पेन्शन न्यायला आलेली अर्धी रांग ब्राझीलचं हवामान ऐकायची. एक म्हाताऱ्या बाई दर महिन्याला विचारत, "पाणी आलं का वो तिकडे?"

पुढे मला भाड्याचं घर मिळालं ते नेमकं शब्बीरभाईंच्या भिंतीला भिंत लावून. दोन्ही गच्च्यांमध्ये कमरेएवढा कठडा. त्यांची एरियलची तार, अर्थात जळलेल्या मोटरीतली, त्यांच्या टाकीपासून निघून माझ्या गच्चीच्या लोखंडी खांबाला बांधलेली होती. मी नवीन होते, माहीत नव्हतं. पहिल्याच रविवारी मी तिच्या टोकाच्या दोरीवर ओली साडी वाळत घातली. पाच मिनिटांत शब्बीरभाई कठड्यापाशी हजर. रागावले नाहीत. फार दुःखाने म्हणाले, "ताई, तुमच्या साडीनं जपान बंद पाडलं."

त्या दिवशी मला सेट पाहायला मिळाला. लग्नातल्या मिठाईच्या मोठ्या खोक्याएवढा काळा डबा, आणि पुढच्या बाजूला बटणं, खुंट्या, दिवे, काटे यांची नुसती जत्रा. त्या पुढच्या बाजूला शब्बीरभाई 'तोंड' म्हणतात. तोंडावरची सगळी अक्षरं इंग्रजी आणि मुंगीएवढी. म्हणून त्यांनी दवाखान्यात मिळते ती पांढरी चिकटपट्टी बारीक कापून प्रत्येक बटणाला बॉलपेनने आपलं नाव दिलं होतं. दुरून येणारा अशक्त आवाज ओढून घेणारी खुंटी 'कान'. आपला आवाज किती भरून जावा ते ठरवणारी 'घसा'. कोणी बोलत नसताना नुसती खरखर येते, ती दाबून टाकणारी 'चूप'. एका बटणाचं नाव 'खामगाव' होतं. खामगावचे कोणी सद्गृहस्थ इतक्या जोरात येतात म्हणे, की ते बटण दाबून त्यांना लहान केल्याशिवाय ऐकवत नाही. सेटच्या आवाजाच्या खुंटीवर 'पाहुणे' लिहिलं होतं, कारण पाहुण्यांना फक्त तेवढ्याच खुंटीला हात लावायची परवानगी. आणि तिच्या अगदी शेजारच्या एका बटणावर आडवी, रुंद पट्टी होती. 'याचं काम नाही.'

मधोमध मोठा गोल डायल. त्याच्यावर पट्टी नव्हती. त्याला हात लावायची छाती कोणाची?

शब्बीरभाई साबणाने हात धुऊन, पुसून, मगच सेटसमोर बसत. 'कान' पूर्ण उघडायचा, 'चूप' पूर्ण सोडायची, आणि मग डोळे मिटून एका बोटाच्या टोकाने डायल असा फिरवायचा की फिरतोय हे कळूही नये. एकदा त्यांच्या जावयाने तो भर्रकन फिरवला. शब्बीरभाई उभेच राहिले. "हळू! डायल हाय बाप्पा, विहिरीचा रहाट नाही." त्यानंतरच तो जावई चार पाचावर उतरला असावा.

आणि हाच माणूस घरातल्या दुसऱ्या कुठल्याही यंत्रापुढे हात टेकतो. टीव्हीचा रिमोट त्यांच्या हातात दिला की टीव्ही बंद होतो. मोबाइल वाजला तर ते तो शेजाऱ्याला उचलायला देतात. जुबेदाभाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला कठड्यावरून सांगत, "पाहा ना ताई, त्या सेटचे चाळीस बटनं डोळे मिटून येतेत, अन् माह्या मिक्सरचे तीन येत नाहीत."

सकाळी सात ही वेळ मात्र जपानची नाही, ब्राझीलचीही नाही. ती डोणगावची. डोणगावला वानखडे मास्तर म्हणून एक निवृत्त शिक्षक आहेत, तेही हॅम. बावीस वर्षं हे दोघे रोज सकाळी सातला एकाच ठरलेल्या जागेवर येतात. 'जागा' म्हणजे डायलवरचा आकडा. त्या वेळी त्या जागेवर तिसरं कोणी फिरकत नाही, कारण या दोघांचं संभाषण ऐकून कोणाला काहीही मिळण्यासारखं नाही. मी कपडे वाळत घालताना रोज ऐकत असे.

"मास्तर, तुमाले पाच नऊ."

"तुम्हालेही पाच नऊ, शब्बीरभाई. इकडे आभाळ साफ."

"अठी थोडे ढग."

"बरं, मग उद्या. त्र्याहत्तर."

"त्र्याहत्तर, मास्तर."

त्र्याहत्तर म्हणजे या लोकांच्या भाषेत शुभेच्छा. झालं. हवेवर राजकारण, धर्म, धंदा बोलू नये असा हॅम लोकांचा दंडक आहे, त्यात शब्बीरभाईंनी स्वतःचं एक कलम वाढवलं होतं. घरचंही बोलायचं नाही. "घरचं बोलाले घर हाय ना?" असं त्यांचं म्हणणं.

या बावीस वर्षांत दोघे एकदाही भेटले नव्हते. अंतर एका दिवसाचंही नाही. एसटीने निघा, खामगावला गाडी बदला, डोणगाव. मी एकदा म्हटलं, जाऊन या ना कधी. ते माझ्याकडे बघतच राहिले. "भेटून काय करू? सिग्नल तर चांगला येते." बरं, फोन नंबर? तोही नाही. "फोनच कराचा त सेट कायले?"

तर अशा या तपश्चर्येला एका रविवारी दृष्ट लागली.

सकाळी मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. नेहमीचे आकडे झाले, ढग झाले आणि मास्तर जाता जाता म्हणाले, "शब्बीरभाई, आज तुमचा आवाज जरा घोंगडीतून आल्यासारखा येऊन राह्यला."

आपला आवाज हा शब्बीरभाईंचा नाजूक विषय. त्यांच्या आवाजाच्या स्वच्छतेबद्दल ब्राझीलने लेखी दिलं आहे, ते मी स्वतः वाचलं आहे. त्यांनी त्या दिवशी त्र्याहत्तर म्हटलंच नाही. सेट बंद न करताच ते बाहेर आले. "ताई! या अठी. तुमी सांगा आता. घोंगडी हाय का?"

मी कठडा ओलांडून गेले. त्यांनी माझ्या कानांवर हेडफोन चढवला, स्वतः माइक हातात घेतला आणि डोळे मिटून बोलायला लागले, "हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन. घोंगडी हाय का? हॅलो." तो आवाज माझ्या कानात असा आदळला की मी घाईने 'पाहुणे' खुंटी मागे फिरवायला गेले. अंगठा घसरला. शेजारच्या पट्टीखाली काहीतरी आत गेलं आणि टिक् असं वाजलं.

मी शब्बीरभाईंकडे पाहिलं. ते डोळे मिटून तीनपर्यंत मोजत होते. पट्टीवर तर स्पष्ट लिहिलं होतं, याचं काम नाही. मग सांगायचं तरी काय? मी म्हटलं, "पाच नऊ, शब्बीरभाई," आणि पापडांकडे परतले.

सोमवारी सातला मास्तर आले. "शब्बीरभाई, वानखडे बोलतो. ओव्हर."

"तुमाले पाच नऊ," शब्बीरभाई अंमळ फुगूनच म्हणाले.

"शब्बीरभाई, आहात का?"

"हाव ना!"

"शब्बीरभाई... नाही वाटतं. बरं, उद्या पाहू. त्र्याहत्तर."

शब्बीरभाई गच्चीवर आले. तार पाहिली, खांब पाहिला, माझ्या साड्यांची दोरी तर दोनदा पाहिली. "काटा हालते, ताई. म्हंजे माहा आवाज जाऊन राह्यला. मंग त्याले काऊन ऐकू येत नाही?" विचार करकरून त्यांनी उत्तर काढलं. "ऐकाचंच नाही त्याले. काल मी त्र्याहत्तर नाही देल्ला ना, त्याचं नाटक हाय हे."

मंगळवारी मास्तर म्हणाले, शब्बीरभाई बाहेरगावी गेले असतील कदाचित. शब्बीरभाईंचा पारा चढला. "गावातच हाय, मास्तर! तुमच्या नाकासमोर! नाटक नका करू!" ते इतक्या मोठ्याने ओरडत होते की समोरच्या घरातले लोक दारात आले. भाभी जिन्यात उभ्या राहून मला म्हणाल्या, "इतकं वरडाचं त रेडिओ कायले लागते? डोणगावले असंच ऐकू जाईन."

बुधवारी मास्तरांचा सूर बदलला. "शब्बीरभाई, तुम्हाले राग आला असीन. आवाज चांगला होता हो तुमचा. माह्याच सेटची खुंटी हालली होती. आहात का? शब्बीरभाई?" पाच-सहा वेळा त्यांनी नाव घेतलं. माझे हात कपड्यांतच थांबले. ते टिक् मला तेव्हापासून आठवायला लागलं. पण चाळीस बटणांमधल्या एका बिनकामाच्या बटणाने असं काय होणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर सांगायची हिंमत झाली नाही. जपान एकदा बंद पाडून झालं होतं, आता डोणगावही मीच बंद पाडलं हे कबूल करायचं म्हणजे फार झालं.

त्या संध्याकाळी शब्बीरभाई दुकानात चक्क शीळ घालत होते. मला वाटलं, मिटलं वाटतं भांडण. गुरुवारी मला लवकर कामावर जायचं होतं, त्यामुळे सकाळचं काही ऐकलं नाही. संध्याकाळी दुकानावरून गेले तर शीळ बंद. पुढ्यात मोटर उघडून पडलेली आणि हातातली तार हातातच.

शुक्रवारी नाशिकहून एक कार्ड आलं. कायमची परवानगी असल्याने मी ते वाचलं. कोणा अनोळखी हॅमने मराठीत लिहिलं होतं. 'सोमवारी व मंगळवारी सकाळी सात वाजता आपण कोणा मास्तरांना उद्देशून बोलत होतात. त्यांचे उत्तर कधीच आले नाही. मीही आपल्याला तीनदा हाक मारली, तीही आपल्याला ऐकू गेली नाही. आपण कोणत्या अडचणीत तर नाही ना? सिग्नल पाच नऊ. आवाज अत्यंत स्वच्छ.' खाली त्या गृहस्थांनी शब्बीरभाई ज्या जागेवरून बोलत होते तिचा आकडा दिला होता. तो डोणगावच्या जागेचा आकडा नव्हता. डोणगावचा आकडा रोज ऐकून ऐकून मला पाठ झाला होता.

पोस्ट सुटल्यावर मी कार्ड घेऊन तडक दुकानात गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. हेडफोन, अंगठा, टिक्. शब्बीरभाईंनी कार्ड हातात घेतलं. चष्मा आज चक्क डोळ्यांवर होता. 'आवाज अत्यंत स्वच्छ' या ओळीवरून त्यांनी बोट फिरवलं, पण नेहमीसारखे फुलले नाहीत.

"मले परवाच समजलं, ताई," ते म्हणाले.

बुधवारी दुपारी त्यांनी सेटचं तोंड स्पिरिटने पुसायला काढलं. नव्या पट्ट्या लावायच्या म्हणून जुन्या सोलल्या. 'याचं काम नाही' सोलली, तर खाली बारीक लाल दिवा पेटलेला. त्या सेटमध्ये दोन जागा धरून ठेवता येतात. ते बटण दाबलं की एका जागेवर ऐकायचं आणि दुसऱ्या जागेवर बोलायचं. शब्बीरभाई मास्तरांना ऐकत होते आणि बोलत होते भलतीकडेच. दिवा तीन दिवस ओरडून सांगत होता, पण त्याच्या तोंडावर शब्बीरभाईंनीच पट्टी मारलेली.

"मग लगेच बंद का नाही केलं?" मी विचारलं.

त्यांनी तार खाली ठेवली. "पयलं कारण, घोंगडी. म्हटलं मले घोंगडी म्हणते काय? करू दे एक दिवस काळजी." त्यांनी कार्ड मोटरीवर ठेवलं. "अन् दुसरं... तो रोज हाका मारे ना, ताई. शब्बीरभाई, शब्बीरभाई. लोक माह्या दुकानात येतेत, मोटर झाली का विचारतेत. मी हाय का, असं कोणी विचारत नाही. मले बरं वाटे. म्हटलं, उद्या एक दिवस आणखी ऐकू. मंग दाबतो बटन."

तो उद्या म्हणजे गुरुवार. मास्तर सातला आले, चार हाका मारल्या आणि मग म्हणाले, "शब्बीरभाई, तुमी ऐकून नाही राह्यले, म्हून सांगतो."

शब्बीरभाईंनी मला ते शब्दन् शब्द सांगितलं. ऐकलेलं विसरायची त्यांना सवयच नाही. मास्तरांची बायको मागच्या पोळ्याच्या आधी गेली. पहाटे गेली. घर माणसांनी भरलेलं. सातला मास्तर उठले, आतल्या खोलीत गेले, दार लोटलं आणि सेट लावला. पाच नऊ दिला, पाच नऊ घेतला. शब्बीरभाई म्हणाले, अठी ढग हायेत. मास्तर म्हणाले, इकडे बी हायेत. 'तेवढं बोलून बाहेर आलो शब्बीरभाई, तवा कुठी मले रडू आलं. तुमाले सांगाचं होतं. पण हवेवर घरचं बोलाचं नाही, तुमचाच कायदा. अन् मंग राहूनच गेलं.'

"मले तो दिवस याद बी नाही, ताई," शब्बीरभाई म्हणाले. ते हवेवरचं सगळं बोलणं एका वहीत टिपून ठेवतात. मास्तरांनी तारीख सांगितली होती. त्यांनी वही काढून पाहिली. त्या दिवसापुढे लिहिलेलं होतं, वानखडे मास्तर, पाच नऊ, ढग. "त्याची बायको घरात मरून पडेल होती, अन् मी त्याले ढग सांगून राह्यलो. आज सकाळी बी बोट ठेवलं अन् काढलं. आता मी बटन दाबून काय सांगू? दाबलं की त्याले समजते, मी ऐकलं. त्यानं ते माह्यासाठी नाही सांगतलं. कोणी ऐकत नाही म्हून सांगतलं."

सगळं माझ्या अंगठ्याने झालं होतं. शब्बीरभाईंनी मात्र त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

"उद्या सांगतो," ते शेवटी म्हणाले. "येवढंच सांगतो, मास्तर, मी जित्ता हाय."

शनिवारी पावणेसातला ते हात धुऊन सेटसमोर बसले. मी कठड्यापलीकडे माझ्या गच्चीवर उभी होते, वाळत घालायला कपडे नसतानाही. उघड्या पडलेल्या त्या बटणावर त्यांचं बोट टेकलेलं मला दिसत होतं. सात वाजले. मास्तर आले आणि या वेळी त्यांनी हाकही मारली नाही. "शब्बीरभाई, उद्या रविवार. मी पहिल्या गाडीनं येतो. तुमच्या जुन्या कार्डावर पत्ता हाय. जे असीन ते पाहून येतो." आणि खट्. सेट बंद केला मास्तरांनी.

शब्बीरभाईंनी बटण दाबलं. लाल दिवा विझला. "मास्तर! मास्तर, मी हाय! मास्तर!" पंधरा मिनिटं ते हाका मारत होते. खरखरीशिवाय काही आलं नाही. रविवारी सकाळी पुन्हा तेच. मास्तर तोवर एसटीत बसलेले.

दुपारी शब्बीरभाई बसस्टँडवर निघाले तेव्हा मलाही सोबत घेतलं. "गुन्हेगार दोघं हाओत, दोघं जाऊ." मी म्हटलं, तुम्ही त्यांना ओळखणार कसं? फोटोसुद्धा पाहिलेला नाही. "फोटो कायले? आवाजावरून वळखतो ना."

आता आवाजावरून ओळखायचं, तर माणसाने आधी बोलायला हवं. खामगावहून गाडी आली की शब्बीरभाई उतरणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्यासमोर जाऊन उभे राहत आणि विचारत, "टाइम काय झाला?" म्हातारा वेळ सांगे. शब्बीरभाई मान तिरकी करून ऐकत आणि नकारार्थी हलवत. तिसरा म्हातारा तापट निघाला. "तुमच्या हातात घड्याळ हाय ना?" म्हणाला. "हा बी नाही," शब्बीरभाई मला म्हणाले.

पुढच्या गाडीतून धोतर-टोपीतले एक किडकिडीत गृहस्थ उतरले आणि सरळ रसवंतीवाल्याकडे गेले. "का हो, शब्बीरभाई मोटरवाले अठी कुठी राहतेत? म्हंजे... आहेत ना ते?"

शब्बीरभाई जागच्या जागी थिजले. "सेटवर जास्त भरून येते," माझ्या कानाशी पुटपुटले, पण पाऊल पुढे टाकेनात. चाळीस वर्षं जगाला हाका मारणारा माणूस दहा पावलांवरच्या माणसाला हाक मारू शकेना. शेवटी मीच म्हणाले, "मास्तर, हे बघा शब्बीरभाई."

मास्तरांनी वळून पाहिलं. दाढीपासून चपलेपर्यंत पाहिलं. त्यांच्या एका हातात संत्र्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात कोरा पांढरा रुमाल, मयताच्या घरी डोक्याला बांधायचा. आजारी असले तर संत्री आणि गेले असले तर रुमाल, अशी दोन्ही तयारी करून ते आले होते. त्यांनी रुमाल घाईघाईने खिशात कोंबला.

"मले वाटलं..." ते म्हणाले आणि थांबले.

"मास्तर, मी ऐकून राह्यलो होतो," शब्बीरभाईंनी एका दमात सांगून टाकलं. "सहाही दिवस. चुकीचं बटन दबेल होतं, तुमच्याकडे आवाज जात नव्हता. पण बुधवारी मले समजलं होतं. बंद करता येत होतं. नाही केलं."

मास्तरांनी वळून गाडीकडे पाहिलं. गाडी मागे घेताना कंडक्टरची शिट्टी वाजत होती. मला वाटलं, आता हे याच गाडीने परत जाणार.

"गुरुवारचं बी ऐकलं?" त्यांनी विचारलं.

"ऐकलं."

मास्तरांनी संत्र्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "बरं झालं," ते हळूच म्हणाले. "आता पुन्हा सांगा लागत नाही."

"नाही, मास्तर," शब्बीरभाई म्हणाले. त्यांनी पिशवी आपल्या हातात घेतली आणि मास्तरांचा दंड धरून त्यांना बाकाकडे नेलं. "पुन्हा सांगा. पयल्यापासून सांगा. त्या दिवशी मले जवाब देता नाही आला."

मास्तर बाकावर बसले. शब्बीरभाई त्यांच्या शेजारी बसले, मान तिरकी न करता, डोळे उघडे ठेवून. मी चहा सांगायला गेले.